मयताला बोलावणं लागत नाही

सकवारबाईंची आणि माझी ओळख मेलेल्या माणसांमुळे झाली.

१९९२ साली श्रीकांतची बदली बंगळूरच्या सरकारी कारखान्यात झाली आणि आम्ही बसवनगुडीत त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खोकी अजून उघडायची होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी घरमालकीणबाई जिना चढून वर आल्या. मला वाटलं, पाण्याची वेळ सांगायला आल्या असतील.

"अलकाक्का, तुमच्यात इंग्लिश पेपर येतोय की. त्यातलं मेलेल्यांचं पान स्वल्प वाचून सांगता काय? कानडी पेपर मी वाचते. इंग्लिश येत नाय."

"कुणी गेलंय का तुमच्यातलं?"

"तेच बघायचं हाय," असं म्हणून त्या उंबऱ्यातच बसल्या.

मी पुण्याची. असली मराठी मी जन्मात ऐकली नव्हती. सकवारबाईंचे हे लोक तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, दारात कानडी, आणि दोन्हींच्या मधला उंबरा केव्हाच झिजून गेलेला. आडनावं तर बहुतेकांनी वाटेतच कुठेतरी टाकून दिली. आता जो तो नुसता राव. नावाआधी गावाचं एक अक्षर, बापाचं एक अक्षर, आणि शेवटी राव. अशा गावात हरवलेला माणूस आडनावावरून शोधायचा म्हणजे वाळूत साखर शोधण्यासारखं. सकवारबाई शोधत होत्या त्यांच्या थोरल्या भावाला.

भाऊ काही जत्रेत हरवला नव्हता. हरवला तो एका फेट्यापायी. त्यांच्या नवऱ्याचं नाव येसाजीराव. बस डेपोत फिटर होते, आणि मी राहायला येण्याआधी दोन वर्षं वारले होते. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते. सकवारबाईंचं माहेर बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीच्या कोटातलं, म्हणजे किल्ल्यातल्या वस्तीतलं. त्यांच्या भावाचं, रघुजीचं लग्न होतं. मांडवात पहिला फेटा जावयाला बांधायचा ही रीत. गडबडीत कुणीतरी तो आधी तालुक्याच्या अमलदाराच्या डोक्याला बांधला आणि येसाजीरावांची पाळी दुसरी आली. येसाजीराव पंगतीतून उठले. जावई उठला म्हणजे त्याची बायकोही उठलीच. उष्टा हात तसाच घेऊन ती बिचारी बसस्टँडपर्यंत त्याच्यामागे चालत गेली. "त्या घराची पायरी चढशील तर माझ्या घरी येऊ नकोस," असं त्यांनी तिथेच सांगून टाकलं.

वर्षभराने बाप नवाकोरा फेटा घेऊन बसवनगुडीच्या दारात आला. येसाजीरावांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. सकवारबाई आत भाकरी थापत होत्या. बापाचा आवाज ऐकू येत होता, पण बाहेर यायची परवानगी नव्हती. पुढे तो बाप मेला. लेकीला ते कळलं कित्येक महिन्यांनी, बांगड्या भरायला आलेल्या बाईकडून. येसाजीराव स्वतः अंथरुणाला खिळले तेव्हा तरी म्हणतील, जा, भेटून ये भावाला, असं यांना वाटत होतं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ते गेले ते पीळ घेऊनच.

नवऱ्याचे दिवस झाले आणि सकवारबाई एकट्या बसमध्ये बसून देवनहळ्ळीला गेल्या. माहेरच्या घरात दुसरंच कुटुंब राहत होतं. शेजारी नवे, ओळखीचे सगळे गेलेले. कुणीतरी एवढंच सांगितलं की घर विकून ते लोक केव्हाच बंगळूरला गेले. म्हणजे ज्या गावात ही बाई ब्लाउज शिवत दिवस काढत होती, त्याच गावात तिचं माहेर येऊन राहिलं होतं, आणि हिला त्याचा पत्ता नव्हता.

तेव्हापासून त्या मेलेल्यांचं पान वाचायला लागल्या. त्यामागचं त्यांचं गणित मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. जिवंत, साध्यासुध्या माणसाचं नाव पेपरात कोण छापतो? पण घरात एक माणूस मेलं की फोटोखाली सगळ्या जित्या माणसांची नावं येतात. मुलगे, सुना, जावई, पुतणे, भाचे. वर घरचा पत्ता, तेराव्याचा दिवस आणि जागा. "आणि मयताला बोलावणं लागत नाय, अलकाक्का. लग्नाला पत्रिकेशिवाय गेलं तर कुत्रं पण हुंगत नाय. मयताच्या घरात कुणी पण जावं, चप्पल काढावी, बसावं. तुमी कोण, असं विचारायची कुणाची छाती नाय."

मला हे इतकं पटलं की मी रोज सकाळी चहाबरोबर ते पान मोठ्यानं वाचायला लागले. श्रीकांत वैतागायचा. "सकाळी सकाळी काय मढी उकरत बसता?" म्हणायचा, आणि खेळाचं पान ओढून घेऊन जायचा. त्याला बहिणी तीन, तिघी पुण्यात, तिघींची पत्रं दर महिन्याला. त्याला काय कळणार.

सकवारबाईंचा सगळा भरवसा त्यांच्या काकीवर होता. काकीचं नाव तुळजाबाई. तिला मूलबाळ नव्हतं, रघुजीच्या लहानपणापासून ती त्याच्याच घरात. "काकी राहिलीय अजून. ती गेली की खाली अण्णाचं नाव येणारच. दुसरं कोण देणार तिची जाहिरात?" असं बोलून झालं की त्या स्वतःच्या गालावर दोन चापट्या मारून घ्यायच्या. आपल्याला कडेवर घेऊन हिंडवलेल्या बाईच्या मरणाची आपण वाट बघतो, याची त्यांना लाज वाटायची. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उंबऱ्यात येऊन बसायच्या.

मध्ये एकदा चुकीच्या घरीही जाऊन आल्या. कुणी निवृत्त हेडमास्तर वारले होते, खाली मुलांत 'रघुजी राव' असं नाव होतं. बाप वेगळा, गाव वेगळं, तरी गेल्या. न जाणो, दत्तक वगैरे गेला असेल. तिथला रघुजी यांच्या भावापेक्षा वीस वर्षांनी लहान निघाला. पण त्या घरच्या म्हातारीने यांना जवळ बसवून घेतलं, कॉफी पाजली, आणि ही बाई आपल्या नात्यातली नाही हे कळल्यावरही जेवल्याशिवाय सोडलं नाही. वर्षश्राद्धाला आठवणीने निरोप पाठवला. परक्या घरात एवढं अगत्य. मला तेव्हा वाटलं, परके असे, तर आपले कसे असतील. मूर्ख होते मी.

दिव्यश्री ही सकवारबाईंची एकुलती एक मुलगी. शाळेत शिकवायची. शांत मुलगी, आईच्या या शोधाला ती कधी हसली नाही आणि कधी त्यात पडलीही नाही. १९९६ साली तिचं लग्न जमलं. नवरा मुलगा अभिराज बँकेत होता, त्यांच्यातलाच. सुपारी फोडायला पाहुणे आले, मीही खाली होते. मुलाच्या आजोबांनी सहज विचारलं, "मुलीचे मामा दिसत नाहीत?"

त्यांच्यात नवरीला मांडवात मामाच घेऊन येतो. बाप नसला तर चुलता कन्यादान करतो, पण मामाच्या जागी चुलता चालत नाही. मामा नसणं म्हणजे मुलीच्या आईला कुळशील नसण्यासारखं. सकवारबाईंनी डोळ्यांची पापणीही न हलवता सांगितलं, "हायत की. बेंगळूरातच हायत. लग्नाला येतील."

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, पत्ता नसलेला मामा कबूल करून बसलात."

"मग काय बोलू? माझी पोर बिनमाहेराच्या बाईची, असं सांगू?" त्यांचा आवाज चढला. माझ्याशी तो तेव्हा पहिल्यांदाच चढला. "तीस-पस्तीस वर्षं सोसलं ते मी. तिनं कशाला?"

नंतरचे काही आठवडे त्या दोन्ही पेपर माझ्याआधी उघडून बसायच्या. इंग्रजी वाचता येत नसलं तरी फोटो बघता यायचे. आणि एका सकाळी मी गॅसवर दूध ठेवत होते, तेव्हा त्यांनी पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून मला हाक मारली. हाक कसली, नुसता श्वास. फोटोत डोक्यावर पदर घेतलेली एक जख्ख म्हातारी होती. डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक.

मी वाचलं. तुळजाबाई, कै. पुरुषोत्तम राव यांच्या पत्नी, मूळच्या देवनहळ्ळीच्या. मागे पुतण्या डी. एच. रघुजी राव आणि परिवार. डी म्हणजे देवनहळ्ळी, एच म्हणजे यांचे वडील हणमंतराव. पत्ता के. आर. पुरमचा. तेरावं पुढच्या आठवड्यात, राहत्या घरी.

दूध उतू गेलं. सकवारबाई रडल्या, मग हसल्या, मग पुन्हा रडल्या. काकीसाठी किती आणि भावासाठी किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खाली जाऊन त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली आणि मशीनवर अर्धा शिवलेला ब्लाउज तसाच टाकून दिवसभर नुसत्या बसून राहिल्या.

तेराव्याला मी त्यांच्याबरोबर गेले. दिव्यश्रीची परीक्षेची ड्युटी होती, आणि खरं सांगायचं तर त्यांना सोबतीला परकंच माणूस हवं होतं. बस बदलून बदलून आम्ही के. आर. पुरमला पोचलो. रेल्वेच्या पलीकडे नवी वस्ती, त्यात गुळगुळीत काळ्या दगडाच्या पायऱ्यांचा बंगला. दारात मांडव. फोटोला हार. सकवारबाईंनी वाटेत मला सगळं सांगून ठेवलं होतं. आधी काय बोलायचं, मग काय बोलायचं, येसाजीरावांचं नाव काढायचं नाही, फेट्याचं तर नाहीच. अण्णा रागावला तर रागावू द्यायचं. मारलं तरी चालेल, म्हणाल्या.

रघुजीराव मांडवाच्या तोंडाशीच उभे होते. पांढरा पंचा, खांद्यावर शाल, सत्तरीकडे झुकलेले. नाक आणि कपाळ थेट सकवारबाईंचं. ओळख पटवायला दुसरं काही लागलंच नसतं.

"अण्णा," या म्हणाल्या.

त्यांनी बघितलं. ओळखलं. मी शपथेवर सांगेन, पहिल्या नजरेत ओळखलं. चेहरा हलला, हात पुढे आला. आणि तेवढ्यात शेजारी खुर्चीवर बसलेल्या एका भारदस्त गृहस्थांनी कानडीत विचारलं, या कोण म्हणून. ते रघुजीरावांचे व्याही, मैसूरचे. रघुजीरावांचा हात परत शालीत गेला.

"आमच्या जुन्या शेजारच्या," ते कानडीतच म्हणाले. "देवनहळ्ळीच्या. काकीला ओळखत होत्या." आणि मग आमच्याकडे न बघता मराठीत, "या, बसा बाई. जेवून जा."

चार वर्षांत मला तेवढं कानडी नक्की कळत होतं. मला वाटलं, माणूस बावचळला असेल, एवढ्या लोकांत रडू येईल म्हणून टाळलं असेल, जरा वेळाने आत नेईल. सकवारबाईंनाही तसंच वाटलं असावं. त्या गुपचूप बायकांच्या पंगतीत जाऊन बसल्या.

वाढायला रघुजीरावांची मुलगी होती, भव्या. तिशीची, हसऱ्या तोंडाची, खरंच चांगली मुलगी. कुणीतरी तिला आम्ही कोण ते सांगितलं असणार. केळीच्या पानावर भात वाढून ती सकवारबाईंसमोर उकिडवी बसली.

"तुमी देवनहळ्ळीच्या ना? मग आमच्या आत्याला ओळखत असाल. सकवार आत्या. बाळंतपणात गेली ती, मी व्हायच्या आधी."

 सकवारबाईंनी पानावरची नजर उचलली नाही. "कुणी सांगितलं तुला?"

"अप्पा सांगतात की. अजून तिचं नाव काढलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्या लग्नात आत्याचा मान होता ना, तेव्हा किती रडले." भव्याने तूप वाढलं. "तुमी बघितलेली काय तिला? कशी होती?"

मी तोंड उघडलं. सांगणारच होते. पण सकवारबाईंनी खालून माझा हात असा दाबला की बांगडी मनगटात रुतली.

"बघितलेली," त्या म्हणाल्या. "भित्री होती."

भव्याने तुपाचं भांडं उचललं. ती पुढच्या पानाकडे गेली. सकवारबाई जेवल्या. पानातलं एक शीतही टाकलं नाही. मी मात्र त्या भातापुढे बसून मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या देत होते, आणि मला येतात तेवढ्या सगळ्या देऊन झाल्या. बहीण जिवंत असताना तिच्या नावाने डोळे पुसून घेणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता.

आम्ही रिक्षाच्या नाक्यावर पोचलो तेव्हा ते मागून आले. पायांत चपलाही नव्हत्या. "सकू," असं म्हणून रडायलाच लागले. खोटं नव्हतं ते रडणं. म्हणून तर जास्त राग आला.

"भव्याचं ठरत होतं," ते म्हणाले. "मैसूरकडच्यांनी विचारलं, आत्या कुठंय. काय सांगू? जिवंत हाय पण येत नाय, असं सांगितलं तर दहा प्रश्न. पळून गेली काय, परजातीत गेली काय. तोंडातून निघून गेलं, वारली म्हणून. एकदा निघालं ते निघालं. मग सगळीकडे तेच सांगावं लागलं."

"आणि बाळंतपण?" सकवारबाईंनी विचारलं.

"कशानं वारली, ते पण विचारतात ना," रघुजीराव म्हणाले.

 मग सकवारबाई ज्यासाठी आल्या होत्या ते त्यांनी मागून टाकलं. एवढं झाल्यावरही मागितलं, यावरून बाईची गरज केवढी होती ते समजा. "दिव्याचं लग्न हाय, अण्णा. माझी पोर. मामा पायजे तिला. मांडवात आणायला."

"येतो की. येणारच. पोरीला बघायचं हाय मला." त्यांनी मागे वळून बंगल्याकडे बघितलं. "पण मामा म्हणून उभं राहायचं म्हणजे... लोकांत कळणार. मैसूरपर्यंत जाणार. भव्याच्या संसाराचा प्रश्न हाय, सकू. तिची सासू कशी हाय तुला ठाऊक नाय. सासरा खोटं बोलणाऱ्याच्या पोरीला काय म्हणंल?"

"सरी, बरं हाय," सकवारबाई म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्या.

घरापर्यंत मीच बोलत होते. त्या माणसाचं तोंड पुन्हा बघू नका, पाहुण्यांना खरं सांगून टाका, अमुक करा, तमुक करा. त्या खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर बघत होत्या. माझं एक अक्षर त्यांच्या कानात शिरलं असेल असं वाटत नाही. सकाळचं पेपर वाचणं मात्र त्या दिवसापासून बंद झालं.

पत्रिका छापून आल्या तेव्हा पत्ते लिहायचं काम माझ्याकडे होतं. सकवारबाईंनी के. आर. पुरमचा पत्ता तोंडपाठ सांगितला. मी पेन खाली ठेवलं.

"कशाला पाठवता?"

"लिहा तुमी. इतकी वर्षं तो पत्ता शोधला. एक पत्रिका तरी जाऊ दे त्याच्यावर."

दिव्यश्रीला त्यांनी सगळं सांगितलं होतं. पोरगी फक्त एवढंच म्हणाली, "आई, ते मामा म्हणून उभे राहिले तर राहू दे. नाय राहिले तर कुणी पण राहू दे. तू रडू नको मांडवात." पाहुण्यांना मामांबद्दल काय सांगायचं, ते सकवारबाईंनी कुणालाच सांगितलं नाही. मी विचारलं की त्या दुसराच विषय काढायच्या.

लग्न बसवनगुडीतल्याच एका कल्याणमंटपात होतं. रघुजीराव आले. बायकोला घेऊन आले, जरीकाठी शाल पांघरून. मैसूरचं कुणी बरोबर नव्हतं, भव्याही नव्हती. दुसऱ्या रांगेत बसले. सकवारबाई विधवा, म्हणून त्या रीतीप्रमाणे मागे खांबाशी उभ्या होत्या. आपल्या पोटच्या पोरीचं लग्न खांबाआडून बघायचं, ही तर वेगळीच रीत, तिच्याबद्दल बोलायला लागले तर दुसरा लेख होईल. भाऊबहिणींची एकदा नजरानजर झाली. दोघांनीही नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तसा.

अंतरपाट धरला गेला. भटजींनी मुहूर्ताचं बघून मोठ्याने कानडीत हाक दिली, "सोदरमाव बन्नि." नवरीच्या मामांनी यावं.

कुणी हललं नाही. भटजींनी पुन्हा हाक दिली. मुलाचे आजोबा मान वळवून शोधायला लागले. आणि दुसऱ्या रांगेत रघुजीराव उठले.

बायकोने त्यांची शाल धरली होती, ती त्यांनी सोडवून घेतली. खुर्च्यांच्या मधून वाट काढत ते नवरीच्या खोलीकडे निघाले. लोक बाजूला होत होते.  मी मनात म्हटलं, चला, उशिरा का होईना, रक्ताला रक्ताची ओढ लागली. खोलीच्या दारात दिव्यश्री मुंडावळ्या बांधून उभी होती. तिनेही त्यांना येताना बघितलं आणि ओठ घट्ट दाबून धरले. रघुजीरावांनी तिच्याकडे हात पुढे केला.

तेव्हा सकवारबाई खांब सोडून पुढे आल्या. धावल्या नाहीत. सरळ दारापर्यंत चालत आल्या आणि भावाच्या आणि पोरीच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"थांबा," भटजींकडे बघून त्या म्हणाल्या. "मुलीचे मामा वारले. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

भटजी गोंधळले. "मग हे कोण?"

"हे आमच्या जुन्या शेजारचे. देवनहळ्ळीचे."

आवाज मोठा नव्हता, पण वाजंत्री थांबलेली होती. सगळ्यांना ऐकू गेलं. रघुजीरावांचा हात तसाच पुढे राहिला होता. काय करावं ते न कळून त्यांनी तो हळूच शालीत घेतला. त्यांनी काही म्हणावं, नाही मी मामाच आहे, असं एकदा तरी म्हणावं, म्हणून मी वाट बघत होते. म्हणाले असते तर सकवारबाई काय करू शकल्या असत्या? काहीच नाही. पण तो माणूस बोलला नाही. मान खाली घालून एक पाऊल मागे सरला.

मुहूर्त टळत होता. आजोबा म्हणाले, "अरे, कुणीतरी या." मी श्रीकांतला कोपराने असं ढोसलं की तो उभाच राहिला. सत्यनारायणाला साधा नारळ फोडताना ज्याचे हात थरथरतात, तो माझा नवरा लालभडक चेहऱ्याने गेला आणि दिव्यश्रीला हाताला धरून अंतरपाटापर्यंत घेऊन आला. आयुष्यात त्याने केलेलं हे एकच काम असं आहे, ज्याबद्दल मी त्याला कधी टोमणा मारलेला नाही.

अक्षता पडल्या. रघुजीरावांनीही मागे उभं राहून टाकल्या. मग बायकोला घेऊन ते निघाले. जेवायला थांबा, असं कुणीतरी म्हणालं, पण सकवारबाई म्हणाल्या नाहीत. मी बघत होते.

दुपारी वऱ्हाड गेलं. रिकाम्या हॉलमध्ये मांडववाले सतरंज्या गुंडाळत होते, आणि सकवारबाई एका खुर्चीवर बसून हातातल्या उरलेल्या अक्षतांचा एकेक दाणा निवडत होत्या. माझ्याने राहवलं नाही. मीच ज्याचं तोंड बघू नका म्हणत होते, त्याची वकिली मी करायला लागले.

"मावशी, तो उठला होता हो. सगळ्यांसमोर उठला होता. त्याची मैसूरची भीती सोडून उठला होता. एवढंच तर हवं होतं तुम्हाला."

"उठला होता," त्या म्हणाल्या. "मला पण दिसलं."

"मग?"

"मला मेलेली ठेवून माझ्या पोरीचा मामा कसा होतोय तो, सांगा तुमी. मेलेल्या बाईला पोर कुठून आली? मांडवात तासभर मामा, आणि उद्या दिव्या याच्या दारात गेली तर परत जुन्या शेजारच्यांची पोर. माझ्या पोरीला पण केळीच्या पानासमोर बसवून सांगतील, तुझी आई बाळंतपणात गेली मणून." त्यांनी अक्षता पदराला बांधल्या. "त्याला मी बोलायला वेळ दिला, अलकाक्का. वारले बोल्ले मी, आणि थांबले. तुमी बघितलं, मी थांबले होते. मी मेलेली नाय, असं एकदा बोलायचं होतं त्यानं. त्याच्या तोंडावर त्याला मेलेला बोल्ले, तरी तो बोलला नाय."

 मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. मांडववाल्यांनी खुर्च्या मागायला सुरुवात केली होती.

"चालताना डावा पाय ओढतोय तो," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, आणि आता मात्र त्यांना रडू आवरेना. "लई म्हातारा झालाय माझा अण्णा. बघितलं काय तुमी?"

मी म्हटलं, "बघितलं."